इंग्रजीतील क्रियाविशेषण उपवाक्य आणि क्रियाविशेषण शब्दसमूह : मराठीच्या आधाराने पायरीपायरीने

शाळेत असताना ज्याने एकदा तरी इंग्रजीतून रजेचा अर्ज लिहिला आहे, त्याने ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, आय कॅनॉट अटेंड स्कूल’ हे वाक्य लिहिलेलेच असते. या वाक्याचा स्वल्पविरामापर्यंतचा भाग म्हणजे क्रियाविशेषण उपवाक्य, ज्याला इंग्रजी माध्यमाची मुले ॲडव्हर्ब क्लॉज म्हणतात. म्हणजे नाव माहीत होण्याच्या कितीतरी आधी आपण ही रचना वापरलेली असते. मात्र त्याच अर्जात पुष्कळजण दुसऱ्या भागाच्या आरंभी ‘सो’ घालतात आणि ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो आय कॅनॉट अटेंड स्कूल’ असे लिहितात. ही चूक अभ्यास कमी पडल्यामुळे होते असे मला वाटत नाही. ती मराठीतून विचार करण्याच्या सवयीतून होते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करण्याची वाटही मराठीतूनच जाते. इंग्रजी नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा, मराठी वाक्य इंग्रजीत नेताना आपला पाय नेमका कोठे अडकतो हे एकदा पाहून ठेवले, तर हा धडा पुन्हा विसरत नाही.

लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण उपवाक्य कोठे संपते हे पुष्कळदा डोळ्यांच्या आधी कानांना कळते.

पहिली पायरी : काळ दाखवणारे क्रियापद शोधावे

क्रियाविशेषणाचे काम क्रियापदाविषयी अधिक माहिती देण्याचे असते. ते काम एका शब्दाने होते, काही शब्दांच्या समूहाने होते किंवा एका पूर्ण उपवाक्यानेही होते. समूह आणि उपवाक्य यांतील फरक समजण्यासाठी पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘आफ्टर द मीटिंग, वी हॅड टी.’ ‘आफ्टर द मीटिंग एंडेड, वी हॅड टी.’ दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो ‘एंडेड’ या एका शब्दाचा. या शब्दाला स्वतःचा कर्ता आहे आणि तो काळ दाखवतो. कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद ज्या गटात आहेत तो गट उपवाक्य ठरतो, आणि ज्यात ती जोडी नाही तो गट, कितीही लांब असला तरी, शब्दसमूहच राहतो.

येथे मराठी वाचकाने एका गोष्टीपाशी थोडे थांबावे. मराठीत आपल्याला तीन पर्याय मिळतात : ‘बैठकीनंतर’, ‘बैठक संपल्यावर’ आणि ‘बैठक संपली तेव्हा’. पहिला उघडच शब्दसमूह आहे, तिसरे उघडच उपवाक्य आहे. अडचण मधल्या रूपाची आहे. ‘संपल्यावर’ यात क्रिया दिसते, ‘बैठक’ हा कर्ताही दिसतो, परंतु काळ दिसत नाही. ‘काल बैठक संपल्यावर चहा घेतला’ आणि ‘उद्या बैठक संपल्यावर चहा घेऊ’ या दोन्ही वाक्यांत ‘संपल्यावर’ तसूभरही बदललेले नाही. काल आणि उद्या घालून पाहिल्यावर जे रूप बदलत नाही, ते काळ दाखवणारे क्रियापद नव्हे. ते धातुसाधित, म्हणजे धातूला प्रत्यय लागून बनलेले रूप होय. ‘-ल्यावर’, ‘-ल्यामुळे’, ‘-ल्याशिवाय’, ‘-ताना’, ‘-ईपर्यंत’ ही सगळी मराठीची मधली रूपे आहेत आणि आपल्या रोजच्या बोलण्यात ती पावलोपावली येतात. इंग्रजीत या जागी बहुतेक वेळा पूर्ण उपवाक्य येते. पुढच्या बऱ्याचशा चुकांचे मूळ येथे आहे, म्हणून हे मधले रूप लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : मुख्य क्रियापदाला प्रश्न विचारावा

गट सापडला म्हणजे तो क्रियाविशेषणाचेच काम करतो असे नाही. ‘द बॉय इन द गार्डन इज माय ब्रदर’ या वाक्यातील ‘इन द गार्डन’ हा समूह कोणता मुलगा ते सांगतो, म्हणून तो विशेषणाचे काम करतो. ‘द बॉय प्लेड इन द गार्डन’ या वाक्यात तोच समूह कोठे खेळला ते सांगतो, म्हणून तेथे तो क्रियाविशेषणाचे काम करतो. शब्द तेच आहेत, काम बदलले आहे. केव्हा, कोठे, कसे, का, कशासाठी, कोणत्या अटीवर आणि काय असूनही, या प्रश्नांपैकी एखादा प्रश्न मुख्य क्रियापदाला विचारला असता जे उत्तर येते, ते क्रियाविशेषण.

उपवाक्यांच्या बाबतीत हीच कसोटी अधिक उपयोगी पडते, कारण ‘व्हेन’ दिसला की क्रियाविशेषण उपवाक्य असे ठरवून टाकण्याची घाई सर्वांनाच होते. पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘कॉल मी व्हेन ही कम्स’ म्हणजे तो आला की मला फोन कर. केव्हा फोन कर याचे उत्तर मिळते, म्हणून हे क्रियाविशेषण उपवाक्य. ‘टेल मी व्हेन ही विल कम’ म्हणजे तो केव्हा येईल ते मला सांग. येथे प्रश्न ‘काय सांग’ असा आहे, म्हणून हे नामाचे काम करणारे नामवाक्य. ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’ यात कोणता दिवस याचे उत्तर मिळते, म्हणून ते विशेषण वाक्य. ‘कम्स’ आणि ‘विल कम’ यांतील फरकाकडे पाचव्या पायरीवर पुन्हा यायचे आहे.

तिसरी पायरी : जोडशब्दावरून प्रकार ओळखावा

इंग्रजी व्याकरणात काळ, स्थळ, कारण, हेतू, परिणाम, अट, विरोध, रीत आणि तुलना असे या उपवाक्यांचे प्रकार शिकवले जातात. ‘व्हेन’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘ॲज सून ॲज’ हे काळाचे, ‘व्हेअर’ आणि ‘व्हेअरएव्हर’ हे स्थळाचे, ‘इफ’ आणि ‘अनलेस’ हे अटीचे, ‘दो’ आणि ‘ऑल्दो’ हे विरोधाचे, ‘दॅन’ हा तुलनेचा. हे फारसे अवघड नाही, म्हणून येथे रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते एकापेक्षा अधिक कामे करणाऱ्या शब्दांपाशी. ‘सिन्स’ हा शब्द काळही दाखवतो आणि कारणही. ‘सिन्स शी केम टु नाशिक, शी हॅज बीन हॅपी’ याचे मराठी ‘नाशिकला आल्यापासून ती आनंदात आहे’ असे होते, तर ‘सिन्स इट वॉज लेट, वी टुक अ रिक्षा’ याचे ‘उशीर झाला होता म्हणून आम्ही रिक्षा केली’ असे होते. शंका आली की वाक्य मराठीत करून पाहावे. मराठीत ‘-पासून’ येते की ‘म्हणून’ येते, यावर प्रकार ठरतो.

उलट मराठीचा ‘म्हणून’ हाही असाच दुहेरी शब्द आहे, आणि तेथे इंग्रजी दोन वेगळे शब्द मागते. ‘मुलीला नीट दिसावे म्हणून मी दिवा लावला’ यात हेतू आहे, आणि तो ‘दिसावे’ या रूपात दडला आहे : ‘आय पुट ऑन द लाइट सो दॅट माय डॉटर कुड सी.’ ‘मुलीला नीट दिसत नव्हते म्हणून मी दिवा लावला’ यात कारण आहे : ‘आय पुट ऑन द लाइट बिकॉज माय डॉटर कुड नॉट सी.’ मराठी क्रियापद ‘-वे’ या रूपात असेल तर ‘सो दॅट’, आणि साध्या काळात असेल तर ‘बिकॉज’, एवढी खूणगाठ पुरते.

परिणामाच्या उपवाक्याची ओळख आपल्या बोर्डाच्या विद्यार्थ्यांना ‘रिमूव्ह टू’, म्हणजे ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, या प्रश्नातून झालेली असते. ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ या वाक्यात ‘टु ड्रिंक’ हा शब्दसमूह आहे. त्याचे उपवाक्य केले की ‘द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट’ असे होते. शेवटच्या ‘इट’ कडे मुद्दाम लक्ष वेधतो. समूहात कर्ता नव्हता आणि कर्मही वेगळे सांगावे लागत नव्हते. उपवाक्य झाल्याबरोबर त्याला स्वतःचा कर्ता ‘वी’ आणि स्वतःचे कर्म ‘इट’ हवे झाले. हा ‘इट’ राहून गेल्याने वाक्य चुकलेले उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते, आणि ‘टू’ काढून ‘सो’ लिहिण्याची युक्ती पाठ करणाऱ्याला तो का लागतो हे कधीच कळत नाही.

चौथी पायरी : जोडीतील एकच शब्द ठेवावा

आता रजेच्या अर्जाकडे परत येता येईल. मराठीत ‘जर–तर’, ‘जरी–तरी’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जोपर्यंत–तोपर्यंत’, ‘जसे–तसे’ अशा जोड्या आहेत. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो आणि तो गौण, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या, उपवाक्याच्या आरंभी बसतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ हे मराठी ‘जरी–तरी’चे शब्दशः रूपांतर झाले, इंग्रजीत एक तर ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट’ असे म्हणावे किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असे म्हणावे. ‘बिकॉज’ बरोबर ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ येत नाही. ‘इफ’ बरोबर ‘देन’ मात्र चालते, आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘दो’ नंतर ‘येट’ आलेलाही आढळतो, म्हणून तसे वाक्य वाचनात आले तर गोंधळून जाऊ नये.

सवय मोडायला एवढी बंदी पुरत नाही, त्यामागचे कारण पाहावे लागते. आपण बोलताना ‘जर’ सहसा गाळतो. ‘पाऊस आला तर जाणार नाही’ असेच म्हणतो. ‘पाऊस असला तरी जाऊ’ यातही ‘जरी’ नाही. म्हणजे मराठीचा सांधा पहिल्या भागाच्या शेवटी असतो, आणि इंग्रजीचा सांधा गौण भागाच्या सुरुवातीला असतो. आपण इंग्रजी वाक्य ‘ऑल्दो’ने सुरू करतो खरे, पण पहिला भाग संपताच आपल्या कानाला त्या जागी ‘तरी’ हवासा वाटतो आणि तेथे ‘बट’ येऊन बसतो. लिहून झाल्यावर स्वल्पविरामानंतरचा पहिला शब्द तेवढा तपासावा. तो ‘बट’ किंवा ‘सो’ असेल आणि वाक्याच्या आरंभी ‘ऑल्दो’, ‘ॲज’, ‘सिन्स’ किंवा ‘बिकॉज’ असेल, तर दोहोंपैकी एक काढून टाकावा.

पाचवी पायरी : भविष्यकाळ आणि नकार तपासावेत

‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ हे वाक्य चूक आहे; ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’ असे हवे. काळाच्या आणि अटीच्या उपवाक्यात, गोष्ट पुढे घडायची असली तरी, इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते. हा नियम अनेकांना विचित्र वाटतो. पण मराठी काय करते ते पाहावे. ‘तो आला की सांगते.’ ‘पाऊस पडला तर घरीच राहू.’ तो अजून आलेला नाही, पाऊस अजून पडलेला नाही, आणि तरीही आपण बिनदिक्कत ‘आला’, ‘पडला’ म्हणतो. मराठीही या जागी भविष्यकाळ सोडून देते, आणि चक्क भूतकाळाचे रूप घेते. जी सूट आपण आपल्या भाषेला न मागता दिली आहे, तीच इंग्रजी मागते आहे, एवढे लक्षात आले की ‘कम्स’ खटकत नाही. नामवाक्याला ही सूट नाही. म्हणून ‘टेल मी व्हेन ही विल कम’ बरोबर, आणि मराठीतही तेथे ‘केव्हा येईल’ असाच भविष्यकाळ येतो. दुसऱ्या पायरीवरचा प्रश्न येथे कामाला येतो तो असा.

नकाराच्या बाबतीत मात्र मराठी साथ देत नाही. ‘जोपर्यंत मी येत नाही, तोपर्यंत येथेच थांब’ यातील ‘नाही’ मराठीत आवश्यक आहे. इंग्रजीत ते ‘अनटिल’ या शब्दातच सामावलेले असते. म्हणून ‘वेट हिअर अनटिल आय कम’ असे म्हणावे, ‘अनटिल आय डोन्ट कम’ असे नव्हे. ‘अनलेस’चेही तसेच. ‘अभ्यास केला नाहीस तर नापास होशील’ याचे ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’ असे होते. येथे मराठीचे मधले रूप अधिक जवळचे पडते : ‘मी येईपर्यंत थांब’, ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’. ‘-ईपर्यंत’ आणि ‘-ल्याशिवाय’ यांत वेगळा ‘नाही’ नसतो, तसाच तो इंग्रजी उपवाक्यातही नसतो.

सहावी पायरी : उपवाक्याचा समूह करताना कर्ता सांभाळावा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. उपवाक्य आटोपशीर करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे त्याचे नाम करणे. ‘बिकॉज इट रेन्ड हेविली’ याचे ‘बिकॉज ऑफ हेवी रेन’ होते, ‘ऑल्दो ही वॉज इल’ याचे ‘डिस्पाइट हिज इलनेस’ होते, ‘व्हाइल वी वेअर हॅविंग लंच’ याचे ‘ड्यूरिंग लंच’ होते. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हाइल’ यांच्यानंतर उपवाक्य, आणि ‘बिकॉज ऑफ’, ‘डिस्पाइट’, ‘ड्यूरिंग’ यांच्यानंतर नाम, हे पक्के करावे. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही. तो ‘इन स्पाइट ऑफ’ मधला आहे.

दुसरा मार्ग ‘-इंग’ रूपाचा आहे, आणि धोका तेथे आहे. ‘घरी जाताना पाऊस सुरू झाला’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. जाणारा मी, सुरू होणारा पाऊस. मराठी वाचकाला यात काहीच खटकत नाही. परंतु ‘व्हाइल गोइंग होम, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले की इंग्रजी वाचकाला पाऊसच घरी निघाल्याचा भास होतो, कारण इंग्रजीत ‘गोइंग’चा कर्ता मुख्य वाक्याचा कर्ताच धरला जातो. म्हणून कर्ते वेगळे असतील तर पूर्ण उपवाक्य लिहावे : ‘व्हाइल आय वॉज गोइंग होम, इट स्टार्टेड रेनिंग.’ कार्यालयीन पत्रव्यवहारात ‘रजिस्टर तपासताना चूक आढळली’ याचे ‘व्हाइल चेकिंग द रजिस्टर, अ मिस्टेक वॉज फाउंड’ असे रूपांतर सर्रास केले जाते. ‘व्हाइल चेकिंग द रजिस्टर, वी फाउंड अ मिस्टेक’ असे लिहिले की दोष राहत नाही.

लक्षात ठेवण्यासाठी मराठीतच एक माप आहे. इंग्रजीचे ‘-इंग’ रूप आपल्या ‘-ताना’ सारखे सैल वागत नाही. ते आपल्या ‘-ऊन’ सारखे वागते. ‘गृहपाठ संपवून राजू खेळायला गेला’ यात संपवणारा आणि जाणारा एकच आहे, म्हणून ‘हॅविंग फिनिश्ड हिज होमवर्क, राजू वेंट आउट टु प्ले’ हे बिनचूक बसते. ‘पाऊस पडून नदीला पूर आला’ यासारखी वाक्ये या मापाला अपवाद आहेत, परंतु रोजच्या लिखाणात हे माप सहसा फसवत नाही. मराठी वाक्यात ‘-ताना’ किंवा ‘-ल्यावर’ आले असेल, तर त्या जागी मनातल्या मनात ‘-ऊन’ घालून पाहावे. वाक्य चालले तर ‘-इंग’ रूप वापरावे, न चालले तर उपवाक्य लिहावे.

सातवी पायरी : जागा आणि स्वल्पविराम

‘आम्ही काल एसटीने कोल्हापूरला गेलो’ याचे इंग्रजी ‘वी वेंट टु कोल्हापूर बाय बस येस्टरडे’ असे होते. मराठी वाक्य शेवटाकडून वाचले तर ‘गेलो, कोल्हापूरला, एसटीने, काल’ असा इंग्रजीचाच क्रम मिळतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि त्याला चिकटून जवळची माहिती. इंग्रजीत क्रियापद आधी आणि त्यानंतर त्याच अंतराने माहिती. हे आरशातले प्रतिबिंब बहुतेक ठिकाणी जुळते, पण कर्म आले की मोडते. ‘ती इंग्रजी छान बोलते’ याचे ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ होत नाही. इंग्रजीत कर्म क्रियापदाला चिकटून राहते, म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. आणखी एक लहानशी चूक ‘गेल्या सोमवारी’ यातील प्रत्ययामुळे होते. ‘ऑन मंडे’ बरोबर, परंतु ‘लास्ट मंडे’, ‘नेक्स्ट वीक’, ‘एव्हरी डे’ यांच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘इन’ येत नाही.

उपवाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. नंतर आले तर सहसा देऊ नये. ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.’ ‘वी विल स्टे होम इफ इट रेन्स.’ मोठ्याने वाचल्यास पहिल्या वाक्यात जीभ आपोआप थांबते, दुसऱ्यात थांबत नाही. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते आणि ती इंग्रजीच्या वळणावरच आली. त्यामुळे स्वल्पविराम आपल्याला परका नाही, फक्त मराठीत त्यावाचून अडत नसल्याने आपण तो सैलपणे वापरतो.

सरावासाठी एक उतारा

‘सकाळी उठलो तेव्हा पाऊस पडत असल्यामुळे मी छत्री शोधायला माळ्यावर चढलो, पण दिवे गेलेले असल्याने काही दिसेना; बॅटरी आणण्यासाठी खाली उतरताना पाय घसरला.’ मराठीत हे एका दमात बोलता येते. इंग्रजीत नेण्याआधी त्याचे तीन तुकडे करावेत आणि मधली रूपे शोधावीत.

पहिल्या तुकड्यात ‘असल्यामुळे’ हे मधले रूप आहे. ते मोकळे केले की ‘व्हेन आय गॉट अप, इट वॉज रेनिंग, सो आय क्लाइम्ड टु द लॉफ्ट टु लुक फॉर ॲन अम्ब्रेला’ असे होते. येथे ‘सो’ चालतो, कारण ‘इट वॉज रेनिंग’ हे मुख्य वाक्य आहे आणि त्याच्या आरंभी ‘बिकॉज’ नाही. ‘टु लुक फॉर ॲन अम्ब्रेला’ हा हेतू दाखवणारा शब्दसमूह. चढणारा आणि शोधणारा एकच असल्याने तेथे उपवाक्याची गरज नाही. दुसरा तुकडा : ‘बट आय कुड सी नथिंग बिकॉज द लाइट्स वेअर आउट.’ तिसऱ्यात ‘उतरताना’ आहे आणि घसरणारा पाय आहे. ‘-ऊन’ घालून पाहिले तर ‘खाली उतरून पाय घसरला’ हे जुळत नाही. म्हणून ‘कमिंग डाउन, माय फूट स्लिप्ड’ असे न लिहिता ‘ॲज आय वॉज कमिंग डाउन टु फेच द टॉर्च, माय फूट स्लिप्ड’ असे लिहावे.

एक वाक्य वाचकासाठी ठेवतो : ‘आई बाजारातून येईपर्यंत भाजी चिरून ठेवली नाहीस, तर जेवायला उशीर होईल.’ यात ‘नाहीस तर’ आहे, म्हणून ‘अनलेस’ घ्यावा आणि नकार सोडावा. येथे ‘येईपर्यंत’ थांबायचे नाही, तर काम उरकायचे आहे, म्हणून ‘अनटिल’ नव्हे, ‘बाय द टाइम’ घ्यावे. आणि त्यापुढे आई येणार असली तरी ‘विल’ लिहू नये.